सहा इंजिनांना आवाज, की एकट्या शकुंतलेला?

पत्र दारव्हा तालुक्यातून आलं आहे, चांगलं चार पानी. लिहिणाऱ्यांनी घरी रेल्वेचं लहान चालतं मॉडेल मांडलं आहे. शकुंतला म्हणजे मूर्तिजापूर-यवतमाळची जुनी नॅरोगेज गाडी, एचओ म्हणजे मॉडेलचं एक प्रमाण, आणि डीसीसी म्हणजे इंजिनं डिजिटल पद्धतीनं चालवणं. पत्रातला मुद्दा असा :

"भाऊ, माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. घरच्या मागच्या खोलीत, जिथं आधी कापूस भरून ठेवत होतो, तिथं बारा बाय चार फुटांचा रेल्वेचा लेआउट मांडला आहे. मधातून मोठी लाइन, एचओची, तिच्यावर चार इंजिनं. बाजूनं आपली शकुंतला, नऊ मिलिमीटरच्या रुळावर, तिची दोन. सगळं साध्या ट्रान्सफॉर्मरवर चालते. पुण्याचा भाचा दिवाळीले आला तं म्हणे, मामा, डीसीसी करून टाका, आवाज टाका. त्यानं हिशेबही काढून देला. सहा साउंड डिकोडर १३,५०० प्रमाणे ८१,०००, कंट्रोलचा तयार सेट २९,०००, स्पीकर अन् बाकी सामान ८,०००. झाले १,१८,०००. सोयाबीनचे पैसे हातात आहेत. पण बायको म्हणते, जानेवारीत पोरीची फी भराची आहे अन् तुम्ही खेळण्यात पैसे टाकून राहिले. भाऊ, मी काय खेळून राहिलो का? अन् येवढा खर्च करावा का नाही, तेवढं सांगा."

भाऊ,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. १,१८,००० खर्च करू नका. मुलीच्या फीचे पैसे उद्याच बँकेत वेगळे टाका आणि त्यांना हात लावू नका. पण आवाजाचा विचार मात्र सोडू नका. तुमच्या लेआउटवर हे काम १८-१९ हजारांत बसतं, आणि तुमच्या हातात जी कला आहे तिच्यामुळेच ते बसतं.

भाच्याचा हिशेब चुकीचा नाही. पुण्या-मुंबईत चार मित्र मिळून एकाच रुळावर पाच गाड्या चालवतात, त्यांच्यासाठी तो बरोबर आहे. फक्त तो तुमच्या खोलीकडे बघून काढलेला नाही.

तुमच्या ट्रान्सफॉर्मरवर आज काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. नॉब फिरवला की रुळातलं व्होल्टेज वाढतं, आणि त्या तुकड्यावर उभी असतील ती सगळी इंजिनं एकदम पळायला लागतात. डीसीसीत रुळावर कायम पूर्ण व्होल्टेज असतं, एचओला साधारण १४-१५ व्होल्ट. ते सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होतं आणि त्या उलटण्याच्या लांबी-आखूडपणातच निरोप दडलेला असतो : "तीन नंबरच्या इंजिना, पुढे चल, इतक्या वेगानं, दिवा लाव." इंजिनाच्या पोटातला डिकोडर, म्हणजे हा निरोप वाचणारा छोटा तुकडा, आपला नंबर आला की ऐकतो, बाकी सोडून देतो. नवा डिकोडर कारखान्यातून येतो तेव्हा त्याचा नंबर तीनच असतो.

खर्चाची मेख इथेच आहे. गावात विजेची डीपी एकच असते, पण मीटर दर घराला लागतं. कंट्रोलचं यंत्र, ज्याला कमांड स्टेशन म्हणतात, ते एकदाच घ्यायचं. डिकोडर मात्र दर इंजिनामागे. त्यातही साधा डिकोडर परदेशी दुकानांत २० ते ४० डॉलरला मिळतो, आवाजाचा १०० ते १३० डॉलरला. म्हणजे नुसतं डिजिटल करणं वेगळं आणि आवाज घालणं वेगळं. आवाजाचा भाव तिप्पट-चौपट. तुमच्या १,१८,००० मधले ८१,००० नुसत्या आवाजाच्या डिकोडरचे आहेत. म्हणून "डिजिटल करू का?" असं विचारण्याऐवजी "किती इंजिनांनी बोलायला हवं?" असं स्वतःला विचारा.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ते तुम्ही सहज लिहिलंत, पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. तुम्ही लिहिता की मोठ्या लाइनवर गाडी सुरू करून देता आणि मग शकुंतलेजवळ स्टूल घेऊन बसता. एकटा माणूस, एका वेळी एक गाडी मनापासून चालवतो. आणि ती गाडी कोणती, हेही ठरलेलं आहे.

आता रुळांकडे बघा. शकुंतलेचा खरा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. एचओचं प्रमाण एकास ८७. भागून बघा, पावणेनऊच्या जरा वर येतं, म्हणून ती नऊच्या रुळावर बरोबर बसते. मोठ्या लाइनचे रूळ साडेसोळाचे. या दोन लाइनी एकमेकींना कुठेच भेटत नाहीत, भेटूच शकत नाहीत. मग दोन्ही डिजिटल करायची गरज काय? मोठी लाइन आहे तशी साध्या ट्रान्सफॉर्मरवर राहू द्या. फक्त शकुंतलेची लाइन डीसीसी करा. दोन्हींच्या वायरी वेगळ्या, सप्लाय वेगळा. पाटाखाली त्यांचे रंगही वेगळे ठेवा, म्हणजे दोन वर्षांनी दुरुस्तीला वाकाल तेव्हा घोटाळा होणार नाही. ज्यांचा एकच रूळ असतो त्यांना ही सोय नाही. एकदा डीसीसी जोडलं की त्यांना सगळ्याच इंजिनांत डिकोडर घालावे लागतात, कारण डिकोडर नसलेलं इंजिन त्या रुळावर उभं केलं की त्याची मोटार गुणगुणत तापते, कधी जळते. तुम्हाला ही सोय आपोआप मिळाली आहे.

एवढ्यानं सहाचा आकडा दोनवर आला. आता दोनाचा एक करू. शकुंतलेच्या दोन इंजिनांपैकी एक वाफेचं, एक डिझेलचं, असं तुम्ही लिहिलं आहे. आवाज वाफेच्या इंजिनाला द्या.

मी पुलगावकडचा. आमच्याकडे आर्वीची छोटी गाडी होती, पण मामाचं गाव तुमच्या बाजूला, त्यामुळे मूर्तिजापूरला उतरून शकुंतलेत बसणं दर उन्हाळ्यात ठरलेलं. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन त्या लाइनवर १९९४ पर्यंत राबलं, त्यानंतर डिझेल आलं. मी त्या वाफेच्या इंजिनामागच्या डब्यात बसलेलो आहे. चढ आला की हुंकारांमधलं अंतर इतकं वाढायचं की पोरं मोजायला लागायची. खिडकीतून काजळी यायची, आई पदर पुढे धरायची. लहान स्टेशनांवर गार्डच खाली उतरून तिकिटं फाडायचा. आज त्या रुळांवर गाडी नाही. म्हणून तुम्ही विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो : नाही भाऊ, तुम्ही खेळून नाही राहिले. ज्या लाइनीवरून या भागातला कापूस शंभर वर्षं बाहेर गेला, तिची आठवण तुम्ही बारा फुटांवर जपली आहे. हे काम कोणी तरी करायलाच हवं होतं. आणि वहिनींचा प्रश्नही तितकाच खरा आहे. पैसा घरात एकच आहे, मुलगीही एकच आहे.

वाफेचं इंजिन निवडायला आणखी एक कारण आहे. दोन सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक दट्ट्या पुढे जाताना एकदा आणि मागे येताना एकदा वाफ सोडतो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात चार हुंकार. चांगला साउंड डिकोडर हे गणित पाळतो. मोटारीवरचा भार वाढला की हुंकार जड करतो, उतारावर हलका करतो. चाक आणि आवाज जुळले की बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. डिझेलच्या आवाजात चाकाचा असा हिशेब नसतो, इंजिन आपलं घुमत राहतं. पैसे एकाच आवाजाला द्यायचे असतील तर जिथे आवाज आणि हालचाल बांधलेली आहे तिथे द्यावेत. डिझेलला पुढेमागे साधा डिकोडर घाला, तोवर ते यार्डातल्या वेगळ्या तुकड्यावर, वीज नसलेल्या रुळावर उभं राहू द्या.

आता २९,००० चा तयार सेट. तो घेऊ नका. तो वाईट असतो असं नाही. पण तुम्ही पाच अश्वशक्तीची सबमर्सिबल उघडून बांधता, तुम्हाला दोन सर्किट बोर्ड एकमेकांवर बसवायचे पैसे कोणाला द्यायची गरज नाही. घरीच कमांड स्टेशन जुळवायचा डीसीसी-ईएक्स नावाचा एक मोफत प्रकल्प आहे. त्याला आर्डुइनो मेगा नावाचा बोर्ड लागतो, त्याच्यावर बसणारं मोटार शील्ड, म्हणजे रुळाला करंट देणारा बोर्ड, लागतं, आणि वायफायचा छोटा तुकडा. नागपूर-अमरावतीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत या वस्तू इंजिनीअरिंगची पोरं रोज नेतात. देशी बनावटीचे बोर्ड आणि १५ व्होल्टचा चांगला अडॅप्टर धरून साडेतीन हजारांच्या आसपास काम होतं. प्रोग्रॅम फुकट उतरवून घ्यायचा आणि युएसबीच्या वायरनं भरायचा. हे एक काम मुलीला किंवा भाच्याला सांगा, अर्ध्या तासाचं आहे. मग इंजिन ड्रायव्हर नावाचं मोफत अॅप जुन्या अँड्रॉइड मोबाइलवर टाकायचं आणि तोच मोबाइल तुमचा कंट्रोलर. काच तडकलेला असला तरी चालतो.

एक काळजी घ्या. मोटार शील्डवर १५ व्होल्ट येतात आणि ते व्हिन नावाच्या जोडातून खालच्या आर्डुइनोला जातात. शील्डच्या मागच्या बाजूला तो बारीक जोड ब्लेडनं कापायचा असतो. तो कापल्याशिवाय सप्लाय देऊ नका, नाहीतर खालचा बोर्ड तापून जाईल. कापल्यावर मल्टिमीटरनं कंटिन्युइटी नाही याची खात्री करा. जुन्या पद्धतीचं शील्ड दीडेक अँपिअर सहज देतं. शकुंतलेच्या एका इंजिनाला पाव-अर्धा अँपिअर पुरतो, म्हणजे भरपूर जागा उरते.

हे स्वस्तातलं कमांड स्टेशन आणि महागडा जर्मन डिकोडर एकमेकांशी बोलतील का, अशी शंका तुम्हाला येईल. बोलतील. डीसीसीची मूळ पद्धत जर्मनीतल्या लेन्झची, पण १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संस्थेनं ती सगळ्यांसाठी प्रमाण केली. तेव्हापासून कोणाचाही डिकोडर कोणाच्याही स्टेशनवर चालतो. आपल्यासारख्या लांब राहणाऱ्यांचे सगळ्यात जास्त पैसे याच एका निर्णयानं वाचले आहेत.

डिकोडर मात्र चांगलाच घ्या, तिथे काटकसर नको. ईएसयू, झिमो, साउंडट्रॅक्स यांपैकी कोणताही, लहान आकाराचा. मागवताना दोन गोष्टी बघा. आवाजाचा डिकोडर कधी रिकामा येतो, त्यात आवाजाची फाइल नसते. ती भरायला कंपनीचं वेगळं प्रोग्रॅमर लागतं, तेच दीडशे डॉलरच्या वर जातं आणि कोणत्याच हिशेबात लिहिलेलं नसतं. म्हणून ऑर्डर देतानाच दुकानदाराला लिहा की दोन सिलिंडरच्या छोट्या नॅरोगेज वाफेच्या इंजिनाची फाइल भरून पाठवा. बरेच दुकानदार हे करून देतात. दुसरी गोष्ट ड्युटीची. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७० टक्के. कस्टमच्या ज्या खात्यात खेळणी आहेत त्याच खात्यात लघुमॉडेलंही येतात, चालणारी असोत की नुसती ठेवायची. त्यामुळे आवाज बसवलेलं तयार इंजिन बाहेरून मागवण्याचा विचार करू नका. भाच्याला विचारा, १३,५०० मध्ये ड्युटी आणि टपालखर्च धरला आहे का? कुरिअरवाल्याकडून आकडा लेखी घ्या, मगच पैसे भरा. कोणी म्हणालं की पार्सलवर भेटवस्तू लिहून पाठवतो, तर स्पष्ट नाही म्हणा. पार्सल अडकलं तर सोडवायला मुंबईला खेटे घालणं दारव्ह्याहून परवडत नाही.

डिकोडर येईपर्यंत करायचं काम खूप आहे, आणि ते जवळपास फुकट आहे. यावर मी जरा जास्त लिहितो, कारण इथे चूक झाली की तेरा हजारांचा धूर होतो. माझा झाला आहे. तेव्हा मी उत्साहात होतो, संध्याकाळी पार्सल आलं आणि रात्रीच बसवायला घेतलं. जुन्या इंजिनांत मोटारीचा एक ब्रश (मोटारीला वीज पोचवणारा कोळशाचा तुकडा) थेट फ्रेमला टेकलेला असतो, आणि फ्रेम एका रुळाला जोडलेली असते. साध्या ट्रान्सफॉर्मरवर त्यानं काही बिघडत नाही. मी नारिंगी वायर ब्रशला डाग दिली, फ्रेमचा तो संबंध तोडलाच नाही. रुळावर ठेवलं, नॉब फिरवला, एक हुंकारही न देता जळका वास आला. घरी सगळे जेवायला बसले होते. त्या महिन्यात मी कोणाला किंमत सांगितली नाही, आणि ते मला अजून टोचतं.

तुम्ही असं करा. इंजिन उघडा, मोटारीचे दोन्ही ब्रश रुळापासून आणि फ्रेमपासून पूर्ण सुटे करा. लागेल तिथे वाइंडिंगच्या कामातला इन्सुलेशन पेपर घाला, तो तुमच्या दुकानात आहेच. मग साध्या मल्टिमीटरनं प्रत्येक ब्रश आणि प्रत्येक चाक तपासा, कुठेही बीप येता कामा नये. सवयीनं मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावाल, तर एवढं ऐका : डिकोडर बसवल्यावर मेगर लावायचा नाही. त्याचे ५०० व्होल्ट डिकोडरला क्षणात संपवतात.

त्याआधी एक मोजमाप घ्या. डिकोडर नसताना, १२ व्होल्ट डीसीवर, अँपिअरचा मीटर मालिकेत घालून इंजिन रुळावर बोटानं दाबून धरा, चाकं थांबू द्या. एक-दोन सेकंदात आकडा वाचा आणि सोडा. मोटार जाम झाली तर किती करंट ओढेल ते कळतं. लहान डिकोडर साधारण पाऊण ते एक अँपिअर सोसतात. तुमचा आकडा त्याच्या वर गेला तर आधी ब्रश, कम्युटेटर आणि गिअर साफ करा, जुनं घट्ट झालेलं ग्रीस काढा. पुष्कळदा तेवढ्यानं आकडा अर्ध्यावर येतो.

नऊच्या रुळावरचं इंजिन एवढंसं, त्यात डिकोडर आणि स्पीकर दोन्ही कुठे बसवायचे? बसवू नका. मागचा मालडबा किंवा पहिला पॅसेंजर डबा कायमचा इंजिनाला जोडून टाका आणि सगळं त्यात घाला. मधे फक्त बारीक वायरी जातील, त्यांना वळणावर ओढ बसणार नाही एवढी ढील द्या. डब्याच्या चाकांतूनही करंट घ्या. त्यामुळे मळक्या रुळावर इंजिन अडखळणार नाही. वायरींचे रंग ठरलेले आहेत : लाल आणि काळी रुळाकडून, नारिंगी आणि करडी मोटारीला, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या, निळी दिव्यांची सामाईक. स्पीकर साखरेच्या वडीएवढा असतो. तो त्याच्या छोट्या डबीत, कडा सिलिकॉननं बंद करून बसवा. उघडा ठेवला तर पुढचा आवाज मागचा खाऊन टाकतो आणि पत्र्यावर माशी आपटल्यासारखं ऐकू येतं. स्पीकरवर किती ओहम लिहिलं आहे ते डिकोडरच्या कागदाशी जुळवून घ्या.

पहिल्यांदा थेट मेन लाइनवर ठेवू नका. डीसीसी-ईएक्सला प्रोग्रॅमिंगसाठी वेगळं आउटपुट असतं, तिथे एक फूट रूळ जोडा. तिथे करंट मर्यादित असतो, वायरिंग चुकलं असेल तरी डिकोडर वाचण्याची आशा राहते. तिथे त्याचा नंबर विचारा. "३" असं उत्तर आलं की समजा, वायरिंग बरोबर आहे.

आता तुमची खोली. तिथे वर्षानुवर्षं कापूस होता, आणि वेचणी सुरू झाली की दाराबाहेर आजही असेल. रुईचा तंतू डोळ्याला दिसत नाही, पण चाकाच्या आसाला गुंडाळला जातो, तेल पितो आणि रुळावरून चाक उचलतो. साधं इंजिन त्यानं नुसतं अडखळतं. आवाजाचं इंजिन अडखळलं की आवाज तुटतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आणि मग वाटतं डिकोडरच खराब आला. डिकोडरला कॅपॅसिटरचा जोड मिळतो, जो क्षणभराची तूट भरून काढतो. तो घ्या. पण आसाचे तंतू चिमट्यानं काढणं आणि रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसणं याला पर्याय नाही. लेआउटवर जुनं धोतर झाकून ठेवलं तरी निम्मं काम होतं.

रुळांच्या प्रत्येक तुकड्याला खालून वायर द्या, नुसत्या सांध्यांवर विसंबू नका. तुमचं छप्पर टिनाचं आहे. जानेवारीतल्या पहाटेच्या १० अंशांपासून मे महिन्यातल्या दुपारच्या ४५ पर्यंत बारा फुटांचा सलग रूळ दोन मिलिमीटरनं लांबतो. सांधे जाम बसवले तर रूळ उचलतो, ढिले ठेवले तर करंट तुटतो. म्हणून सांध्याला जरा फट ठेवायची आणि करंट खालच्या वायरीतून द्यायचा. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर दुकानात पडलेली असेलच. शेवटी सगळ्यात लांबच्या टोकाला दोन रुळांवर एक रुपयाचं नाणं आडवं ठेवा. कमांड स्टेशननं लगेच सप्लाय तोडला पाहिजे. नाही तोडला तर कुठे तरी डाग कच्चा आहे, तो शोधल्याशिवाय डिकोडरचं इंजिन तिथे नेऊ नका. आणि सगळं इन्व्हर्टरवर ठेवा. लाइट जाऊन परत येतानाच्या झटक्याबद्दल मी तुम्हाला काय सांगणार, तुमचं दुकानच त्या झटक्यांवर चालतं.

आता बाकीच्या आवाजाचं. लेआउटवर इंजिनाचाच आवाज हवा असं कोणी सांगितलं? शकुंतला कापसासाठी होती. तिच्या स्टेशनाबाहेर जिनिंगचा भोंगा व्हायचा, बैलांच्या गळ्यातल्या घाट्या वाजायच्या, गाड्यांची रांग लागायची. हे आवाज कोणत्याही परदेशी कंपनीकडे नाहीत, आणि तुमच्या दारात आहेत. डीएफप्लेअर मिनी नावाचा एक चिमुकला तुकडा मिळतो, शे-दोनशे रुपयांना. त्यात मेमरी कार्ड घातलं की तो एमपीथ्री वाजवतो, तीन वॅटचा अॅम्प्लिफायर आतच असतो, पाच व्होल्टवर चालतो. त्याची एक पिन ग्राउंडला टेकवली की पहिली फाइल वाजते, प्रोग्रॅम लिहावा लागत नाही. त्या पिनेला जोडलेला एक रीड स्विच (चुंबक जवळ आलं की आपोआप जुळणारा) रुळांमध्ये पुरा, डब्याच्या तळाला लहान चुंबक चिकटवा. गाडी स्टेशनात शिरली की भोंगा वाजेल. स्पीकर पाटाखाली, जुन्या रेडिओतला चार इंची लावा. भोंग्याचा जाड आवाज साखरेच्या वडीतून कधीच येत नाही, तो मोठ्या स्पीकरलाच जमतो. सगळं मिळून ६०० रुपये.

हिशेब मांडतो, हाच कागद वहिनींसमोर ठेवा. एक साउंड डिकोडर, स्पीकरसकट येणारा, भाच्याच्याच भावानं १३,५००. घरी जुळवलेलं कमांड स्टेशन ३,५००. कॅपॅसिटर, बारीक वायरी, चुंबक आणि किरकोळ १,०००. स्टेशनचा आवाज ६००. एकूण १८,६००. त्यात ड्युटी धरलेली नसेल तर ती वर जाईल, हेही त्यांना आधीच सांगा. तेवढेही या हंगामात जड वाटत असतील तर स्टेशनचा आवाज आणि वायरिंग आत्ता करा, कमांड स्टेशन संक्रांतीनंतर, आणि डिकोडर कापसाचा शेवटचा चुकारा आल्यावर. यात कुठेही थांबलात तरी लेआउट अर्धवट दिसत नाही. आणि पार्सल दुकानावर मागवून गुपचूप घरी नेऊ नका. घरच्या पत्त्यावर मागवा, वहिनींसमोर उघडा.

जमलं तर मुलगी सुट्टीत येईल तेव्हा तिला घेऊन नागपूरला मोतीबागेतल्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात जाऊन या. तिथे खरी छोटी इंजिनं उभी आहेत. बॉयलरवर हात ठेवून बघा, रंग कुठे उडतो, गंज कुठे धरतो ते नीट बघून घ्या. रंगकामात तुम्हाला फार उपयोग होईल.

जिनिंग आता सुरू आहे, हंगाम संपला की भोंगा पुढच्या वर्षीच. तेव्हा याच आठवड्यात पहाटे जाऊन मोबाइलवर तो टिपून घ्या, वारा नसताना, शंभरेक पावलं लांबून. आणि इंजिन दाबून धरल्यावर मीटरनं जो आकडा दाखवला तो मला कळवा. कोणता डिकोडर मागवायचा ते त्यावरून सांगतो. तोपर्यंत ऑर्डर देऊ नका.